मुलांच्या हाती टॉर्क पाना द्या, पॉलिश पेपर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पुरवण्यांत घरच्या घरी जुनी मसल कार उभी करणाऱ्या कुटुंबांची छायाचित्रे अधूनमधून येतात. वडील इंजिनावर वाकलेले असतात आणि मुलगा किंवा मुलगी पॉलिश पेपर घेऊन दाराचा जुना रंग घासत असते. छायाचित्र छान दिसते, पण कामाची वाटणी नेमकी उलटी झालेली असते. या गाड्यांवर मुलांसाठी सर्वांत घातक काम जुना रंग घासण्याचे आहे. स्वच्छ धुतलेले इंजिन टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेला जोर झाला की 'टक' करणाऱ्या पान्याने, जोडणे हे त्या मानाने निर्धोक आहे आणि शिकायलाही तिथेच सर्वांत जास्त मिळते. अशा गाड्यांवर काम करणाऱ्यांनी हे उघडपणे सांगायला हवे, म्हणून हे पत्र जरा लांबले तरी लिहीत आहोत.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन. पाँटियॅकने १९६४ साली ६.४ लिटरचे इंजिन टेम्पेस्ट ल माँमध्ये बसवून जीटीओ काढली. पुढे शेव्हेल, कमारो, चार्जर, रोड रनर, मस्टँग अशी रांग लागली. मुलांना शिकवायला या गाड्या उत्तम आहेत, कारण यांत काहीच लपलेले नाही. इंधन कुठून येते, ठिणगी कशी पडते, ब्रेक कसा दाबला जातो, सगळे डोळ्यांनी दिसते आणि हाताने फिरवता येते. मात्र ज्या काळातल्या या गाड्या आहेत, त्या काळाची विषेही त्यांच्यात आहेत.

त्या वर्षांच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिशाची रंगद्रव्ये असत. छत आणि मागचे क्वार्टर पॅनेल जिथे जुळते तो सांधा कारखान्यातच शिसे-कथिलाने भरलेला असे. व्हिनाइलचे छत काढले की तो उघडा पडतो, आणि तिथे ग्राइंडर लावला की शिशाची धूळ उडते. लहान मुलांच्या शरीरात शिसे मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात शोषले जाते, आणि मुलांच्या रक्तात शिशाची निर्धोक अशी पातळी नाही. ब्रेक शू, क्लच प्लेट आणि जुन्या गॅसकेटांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. ब्रेक ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ हवेच्या नळीने किंवा फुंकरीने कधीही उडवू नये. ती पाण्याने भिजवून पुसावी आणि फडका पिशवीत बंद करून टाकावा. हे काम मोठ्यांनी, मुले घराबाहेर असताना, योग्य मास्क लावून करावे. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. धूळ घरात येते ती बहुधा कपड्यांवरून आणि बुटांवरून.

आणखी दोन धोके क्वचितच सांगितले जातात. काही ब्रेक क्लीनरांत क्लोरीनयुक्त द्रावक असतो. त्याने पुसलेला पत्रा पूर्ण वाळण्याआधी वेल्डिंग केले तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. वेल्डिंगच्या जवळपास तो डबाच ठेवू नये. दुसरा धोका टू-पॅक रंगाचा, म्हणजे हार्डनर मिसळून फवारायच्या रंगाचा. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि फिल्टर संपला की नाही हे वासावरून कळत नाही. म्हणून फवारणाऱ्याला बाहेरून नळीने ताजी हवा पुरवावी लागते. घरी ती सोय बहुधा नसते. आमचे स्पष्ट मत आहे की शेवटचा रंग बाहेरून, रंगकामाच्या बंद खोलीत (बूथमध्ये) मारून घ्यावा. त्याने काम 'घरी केलेले' राहत नाही, असे मानण्याचे कारण नाही.

मग मुलांना काय द्यायचे? पुष्कळ आहे, आणि सुरुवात गाडी न उघडताच होते. आजचा १७ अंकी गाडी क्रमांक (नंबरप्लेटवरचा नव्हे, कारखान्यात गाडीला दिलेला) १९८१च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली पद्धत होती. १९६९च्या कमारोचा क्रमांक १३ अंकी आहे. पहिला १ म्हणजे शेव्हरले, पुढचे २४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कमारो, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ९ म्हणजे १९६९, आणि एन म्हणजे ओहायोतला नॉरवूडचा कारखाना. उरलेले सहा अंक अनुक्रमाचे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हा क्रमांक कागदावर उतरवून फोडायला द्या, तो त्यात रमतो. मोठ्यांनाही त्याचा उपयोग आहे. १९६४ आणि १९६५ची जीटीओ ही ल माँवरची जादा सामग्री होती, त्यामुळे १९६५च्या जीटीओचा क्रमांक ल माँच्याच २३७ने सुरू होतो. २४२ हा आकडा १९६६पासून आला. कमारो एसएस (जादा ताकदीची आवृत्ती) आहे की साधी, हे तर क्रमांकावरून कळतच नाही. पैसे मोजण्याआधी हे माहीत असलेले बरे.

मग पाने. या गाड्यांचे नटबोल्ट इंचात आहेत आणि घरातले पाने बहुधा मिलिमीटरमध्ये. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना बसतो, पण सैल बसतो, आणि गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल होतात. ९/१६ म्हणजे १४.२९. इथे १४चा जात नाही आणि १५चा घसरतो. ३/४ला मात्र १९चा चालतो, कारण फरक फक्त ०.०५चा आहे. हा तक्ता मुलांकडून करून घेऊन भिंतीवर लावा. अपूर्णांक शिकवायला याहून चांगली जागा आम्हाला ठाऊक नाही. बोल्टच्या डोक्यावरच्या रेघाही त्यांना मोजू द्या. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८, आणि रेघ नसेल तर साधा. स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्टच्या जागी बिनरेघांचा बोल्ट सापडला तर आधीच्या कुणीतरी चूक केली आहे, हे दहा वर्षांची मुलगीही सांगू शकते.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो, मग बोल्ट झिपच्या पिशवीत, आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. पिशवीवर शाईने लिहू नये, तेलाने पुसून जाते. हे काम मुले मोठ्यांपेक्षा नेटाने करतात. शक्य असेल तिथे बोल्ट काढल्यावर पुन्हा आपल्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवावेत. पाण्याच्या पंपाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो तळाला टेकतो, पाना घट्ट झाल्याचे सांगतो आणि पंप मात्र गळत राहतो.

घरचे बहुतेक प्रकल्प इथेच फसतात: पहिल्याच उत्साहात सगळी गाडी उघडली जाते. मग वर्षभर फक्त गंज कापणे उरते, मुलांना दाखवण्यासारखे काही घडत नाही आणि त्यांचे मन उडते. गाडी चाकांवर ठेवा. एका वेळी एकच व्यवस्था उघडा, जोडा, चालवून बघा आणि मग पुढच्या व्यवस्थेला हात घाला. आधी ब्रेक, मग इंधन आणि थंडावा, मग वायरिंग, मग इंजिन. पत्र्याला खूप गंज असेल तर हा क्रम अर्थातच मोडावा लागेल. म्हणून गंजाचा अंदाज आधीच घ्यावा.

त्यासाठी फ्रीजवर लावतात तसा मऊ चुंबक फडक्यात गुंडाळून मुलाच्या हाती द्यावा. नुसत्या रंगावरून चुंबक पत्रा धरतो. खाली जाड लांबी (पुट्टी) भरली असेल तर तो निसटतो. चाकांच्या कमानी, क्वार्टर पॅनेलचा तळ, मागच्या काचेचा खालचा कोपरा आणि डिकीची जमीन बघावी. जिथे चुंबक सुटेल तिथे खडूने खूण करावी. अर्ध्या तासात गाडीचा खरा नकाशा समोर येतो. १९६५-६६च्या मस्टँगला पुढच्या काचेखालच्या जाळीची खास तपासणी लागते. जाळीतून पाणी ओतायचे आणि मुलाने आत विजेरी धरून गालिच्याखालचा पत्रा बघायचा. तिथे दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले आहेत. आत पाला साचतो, तो ओल धरतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून काही दिसत नाही. दुरुस्तीसाठी प्रत्येक स्पॉट वेल्ड ड्रिलने काढावा लागतो. मस्टँगला स्वतंत्र चॅसी नाही, त्यामुळे जमिनीचा पत्रा कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे बार लावून सांगाडा बांधून घ्यावा. नाहीतर दाराची फट, जी साधारण ४ ते ५ मिलिमीटर असावी, ती वर एक आणि खाली एक अशी होते, आणि मग दार कितीही सरकवले तरी जमत नाही.

छोट्या लोखंडी भागांचा गंज विजेने काढता येतो आणि मुलांना ते फार आवडते. प्लॅस्टिकच्या बादलीत २० लिटर पाणी, त्यात सुमारे १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार साध्या लोखंडी पट्टीला, आणि दोन्ही एकमेकांना टेकू द्यायची नाहीत. पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातले क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून बादली उघड्यावर ठेवावी. चार्जर बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. हातमोजे आणि गॉगल लागतातच. ॲल्युमिनियमचे भाग यात टाकू नयेत, ते खाल्ले जातात. स्प्रिंगा आणि कठीण पोलादाचे बोल्टही नकोत, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. चार्जर जोडूनही काही घडत नसेल तर तो बहुधा नव्या पद्धतीचा आहे. बॅटरी जोडलेली नसेल तर तसा चार्जर वीज सोडतच नाही. साधा जुना चार्जर लागतो.

आता इंजिन, कारण खरे शिक्षण इथेच आहे. उदाहरणादाखल शेव्हरलेचे ३५० घनइंचाचे इंजिन घेऊ, कारण घरगुती कामात ते वारंवार भेटते. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) वर्कशॉपमधून बोअर करून, धुऊन आला की बारा वर्षांच्या मुलाच्या हाती फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, द्याव्यात. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मुळात ४ इंच आहे. रस्त्यावरच्या इंजिनासाठी कॉम्प्रेशन रिंगच्या तोंडातली फट बोअरच्या दर इंचाला ०.००४ इंच धरतात, म्हणजे ०.०१६ इंच, सुमारे ०.४ मिलिमीटर. रिंग बोअरमध्ये घालायची, उलट्या पिस्टनने इंचभर खाली ढकलून सरळ करायची आणि फट मोजायची. आठ सिलिंडर, प्रत्येकी दोन कॉम्प्रेशन रिंगा, म्हणजे १६ मोजमापे. सगळी वहीत लिहायची, आणि जी रिंग ज्या बोअरमध्ये मोजली ती तिथेच बसवायची. फट कमी ठेवली तर गरम झाल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात, रिंग मोडते आणि नवा बोअर ओरबाडला जातो. आकडा का पाळायचा, हे मुलाला इथे कळते.

क्रँक ज्यावर फिरतो त्या मेन बेअरिंगची फट प्लास्टिगेजने मोजतात. मेणासारखा बारीक धागा क्रँकच्या कोरड्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या गोल भागावर) ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, पुन्हा काढायची आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडायची. यात ०.००२ ते ०.००२५ इंच यावे. मधे कुणी क्रँक फिरवला तर धागा फासला जातो आणि मोजमाप वाया जाते. एवढे एकच पथ्य, पण ते प्रत्येक वेळी मोडले जाते. क्रँकला हात लावायचा नाही, ही जबाबदारी मुलाकडेच द्यावी.

हेडचे बोल्ट प्रत्येक बाजूला १७ आहेत. भोके थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात, म्हणून आट्यांना सीलंट लावावेच लागते. विसरलात तर कूलंट आट्यांवरून वर चढते आणि बोल्टच्या डोक्याशी पाझरते. मग हेड गॅसकेट गेले असे समजून इंजिन पुन्हा उघडले जाते. आटे आधी टॅप फिरवून स्वच्छ करावेत. घाणेरड्या आट्यांत पान्याचा जोर घर्षणातच खर्च होतो, टॉर्क पाना 'टक' करतो आणि बोल्ट मात्र सैलच असतो. मधल्या बोल्टपासून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत: ३४, मग ६१, शेवटी ८८ न्यूटन-मीटर. मुलाला जमेल का, असे विचारतात. हिशेब करा. ४५ सेंटिमीटरच्या दांड्यावर ८८ न्यूटन-मीटर म्हणजे टोकाशी साधारण २० किलोचा जोर. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पाय रोवून ते जमते. 'टक' झाले की थांबायचे. आणखी एकदा ओढून बघायचे नाही, ही सवय मात्र पहिल्याच दिवशी लावावी. काम झाल्यावर पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइल पंप ड्रिलने फिरवून तेल वर चढवावे लागते. शेव्हरलेमध्ये ड्रिल घड्याळाच्या दिशेने फिरवतात, फोर्डच्या २८९ आणि ३०२मध्ये उलट. सोळाही रॉकरांतून (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांतून) तेल येते का, हे बघायला मुले उभी करा. एखाद्यातून येत नसेल तर क्रँक पाव फेरा फिरवून पुन्हा बघा. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवणारा भाग) बसवताना नेहमीची चूक म्हणजे तो १८० अंशांनी उलटा बसणे, कारण पहिला पिस्टन वर दोनदा येतो, आणि त्यातला एकच फेरा कॉम्प्रेशनचा असतो. सगळे प्लग काढून, बॅटरीची तार काढून, क्रँक पान्याने हळू फिरवावा आणि मुलाने पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरावा. हवा अंगठा उचलते तो कॉम्प्रेशनचा फेरा. मग वायरी १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने लावाव्यात.

नवीन सपाट टॅपेटचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) असेल तर पहिली २० ते ३० मिनिटे इंजिन मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवरच चालले पाहिजे. कॅमला तेल मिळते ते मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि मंद गतीवर शिंतोडे पुरेसे उडत नाहीत. तेल जस्त-फॉस्फरसयुक्त, ब्रेक-इनसाठीचेच घ्यावे. सुरू होण्यापूर्वी फार वेळ स्टार्टर मारत बसलात तर कॅमवर चोळलेले वंगण पुसले जाते आणि एखादा लोब (उंचवटा) घासून सपाट होतो. म्हणून टायमिंग, इंधन, पाणी सगळे आधी तपासून, एका झटक्यात सुरू होईल अशी तयारी ठेवावी. हे सगळे मोकळ्यावर करावे, एअर क्लीनर बसवलेला असावा आणि अग्निशामक हाताशी असावा. टायमिंग चुकले तर कार्बोरेटरमधून ज्वाला उलटी येते. त्या वेळी मुले बॉनेटपाशी नकोत.

ब्रेकचे काम मुलांबरोबर करताना गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवू नये. सिमेंटच्या सपाट जमिनीवर, चॅसी किंवा ॲक्सलखाली घोड्या (जॅक स्टँड) लावाव्यात, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावावेत, आणि काढलेली चाके गाडीच्या कडेखाली आडवी सरकवावीत. क्रायस्लर गटाच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत. स्टडच्या टोकावर एल अक्षर असते. ते न बघता लांब पाइप लावून जोर केला की स्टड तुटतो. अक्षर शोधण्याचे काम मुलांचे.

ड्रम ब्रेक एका वेळी एकाच बाजूचा उघडावा, दुसरी बाजू नमुना म्हणून राहू द्यावी. आखूड लायनरचा शू पुढे, लांब लायनरचा मागे. उलटे बसले तर ब्रेक कमी लागतो आणि लायनर वेडेवाकडे झिजते. डाव्या-उजव्या ॲडजस्टरांची अदलाबदल झाली तर ते शू जवळ आणण्याऐवजी आणखी सैल करतात. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात करतात: मागचे उजवे, मागचे डावे, मग पुढची दोन. मूल पेडलवर, मोठे माणूस चाकाशी. 'दाब' म्हटले की त्याने दाबून 'दाबलाय' म्हणायचे, आणि चाकाजवळचे हवा सोडायचे निपल बंद झाल्यावर 'सोड' ऐकू आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. घाईने उचलला तर हवा परत आत जाते. जुना मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकचे तेल ढकलणारा भाग) ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. रबर आतल्या गंजलेल्या भागात गेले की फाटते. १९६६पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकाच कक्षाचा आहे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. तो बदलून दोन कक्षांचा बसवावा. अस्सलपणाचा आग्रह इथे धरू नये.

आणि शेवटी पट्टे, ज्यांचा उल्लेख अशा लेखांत जवळजवळ नसतोच. या गाड्यांच्या मागच्या सीटला असला तर फक्त कमरेचा पट्टा असतो. त्यावर बूस्टर सीट वापरू नये. बूस्टरला खांद्याचा पट्टा लागतोच. तो नसेल तर धडकेत वरचे शरीर पुढे फेकले जाते आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. तीन बिंदूंचे पट्टे नव्याने बसवता येतात, पण बोल्ट ग्रेड ८चा, ७/१६ इंची बारीक आट्यांचा हवा, आणि पत्र्याच्या मागे जाड पोलादी पट्टी हवी. नुसत्या पत्र्यातून तो उपटून निघतो. खांद्याचा पट्टा सीटमागे जमिनीला बांधू नये, धडकेत तो मणक्याला खाली दाबतो. त्याची टेकण्याची जागा खांद्याच्या उंचीला किंवा वर असावी. पन्नास वर्षांचे जुने पट्टे धुऊन पुन्हा लावू नयेत, धागा उन्हाने कुजलेला असतो. हे पट्टे बसवून, त्यांचे बोल्ट मुलांसमोर टॉर्क पान्याने तपासून होईपर्यंत मुलांनी मागच्या सीटवर बसायचे ते उभ्या गाडीतच.

संपादकांना विनंती एवढीच की, यापुढे असे छायाचित्र छापताना मुलाच्या हातात काय आहे हे पाहावे, आणि जुना रंग घासला जात असेल तर ते छापू नये.

आपले,
जुन्या गाड्यांवर काम करणारे काही वाचक